वाळल्या मेळघाटातलं पाणी

पहाटे पाचला परतवाड्याच्या चौकात चहा घ्यायला थांबलो. टपरीवाल्या काकांनी गाडीतल्या पाण्याच्या कॅनकडे पाहिलं आणि विचारलं, “मे महिन्यात मेळघाटात काय पाहाले जाता जी? सारं वाळवंट झालं असन.” बायको म्हणाली, “तेच पाहाले जातो, काका.”

अचलपुरात राहणाऱ्याला उत्तरेकडे पाहिलं की डोंगर दिसतो. तो हळूहळू चढत नाही. सपाट काळी जमीन, संत्र्याचे बगीचे, आणि एकदम उभी भिंत. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर, तर जेमतेम तीस किलोमीटरवरचं चिखलदरा १,१०० मीटरच्याही वर. ही भिंत म्हणजे गाविलगडचा प्रस्तरभंग, जमिनीला गेलेला एक प्रचंड तडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा काळा दगड झाला. पुढे या तड्याच्या उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा खचला आणि त्या खोलगट भागात नद्यांनी गाळ भरला. आपण ज्या मातीत कापूस आणि तूर पेरतो, तिच्याखाली खोलवर चिखलदऱ्याचाच दगड गाडलेला आहे. घाट चढताना आपण त्या तड्याची एक कड चढत असतो.

घटांगच्या अलीकडे रस्त्याकडेला गाडी उभी केली. काकांचं म्हणणं खरं वाटावं असंच समोर होतं. सागाच्या उघड्या काठ्या, पायाखाली पापडासारखा पाचोळा, आणि कुठेही सावली नाही. पण वाळवंट म्हणजे काय, याचा हिशोब पावसात मांडावा लागतो. जैसलमेरकडच्या मरू राष्ट्रीय उद्यानात वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चिखलदऱ्यावर तो त्याच्या कितीतरी पट पडतो, फक्त जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडांना आपल्या साठ्यावर काढायचे असतात. वर्षातले काही महिने वाळवंट आणि काही महिने गर्द रान, अशा दोन जगांत ही झाडं जगतात.

म्हणून साग पानं टाकतो. त्याचं पान सुपाएवढं. पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी सतत वाफ होऊन जातं, म्हणजे मेमध्ये अशी शेकडो पानं ठेवणं हे फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखं. देठाच्या मुळाशी साग एक पातळ पडदा तयार करतो आणि पान अलगद सोडून देतो. खाली पडलेलं पान म्हणजे झाडाचं मरण नव्हे, ती त्याची बचत आहे.

“अहो, हे पाहा,” बायकोनं हाक मारली. ती एका कांडोळापाशी उभी होती. पांढरंफटक खोड, वेड्यावाकड्या फांद्या, एकही पान नाही. चांदण्यात हे झाड पाहून माणूस दचकतो, म्हणून लोक याला भुताचं झाड म्हणतात. खोडावरचा कागदासारखा पापुद्रा आपोआप सुटून लोंबत होता. त्याच्या मागे हिरवं होतं, कोवळ्या कैरीच्या सालीसारखं. पानं नसताना या झाडाची सालच उन्हातून थोडं अन्न तयार करते. सालई हीच युक्ती वापरते. आम्ही दोघं त्या हिरव्या रंगाकडे कितीतरी वेळ पाहत राहिलो.

त्याहून मोठं आश्चर्य पुढच्या वळणावर होतं. मोहाला पालवी आली होती, तांबूस, चकचकीत, लहान मुलाच्या कानासारखी नाजूक. पाऊस अजून महिनाभर लांब, ऊन वर्षातलं सर्वांत कडक, आणि हे झाड नवी पानं काढतं! यामागचं गणित असं. पानं गळाली की पाणी उडून जाणं थांबतं. खोल गेलेली मुळं मुरमातलं आणि दगडाच्या भेगांतलं पाणी ओढत राहतात आणि रिकामं खोड हळूहळू पुन्हा भरतं. त्या साठ्यावर झाड पावसाआधीच पानं फोडतं. पहिली सर येते तेव्हा त्याची तयारी झालेली असते, एक दिवसही वाया जात नाही. मृगाआधी वखरून, काडीकचरा वेचून शेत तयार ठेवणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला ही घाई समजावून सांगावी लागत नाही.

सेमाडोहला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. पुलाखाली सिपना नदी. कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात, म्हणजे ही सागाची नदी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचं नातं झारखंडच्या संथाली-मुंडारीशी आणि आणखी दूर थेट कंबोडियाच्या ख्मेरशी आहे. त्या एका शब्दात केवढा मुलूख मावतो!

नदीचं पात्र म्हणजे गोटेच गोटे. मात्र एका बाजूला, काळ्या कातळाच्या कुशीत, पाणी होतं. गडद, स्थिर, काठावर खुरांचे ताजे ठसे. सेमाडोहच्या नावातच डोह आहे. नदी वाहायची थांबते, पण पात्राच्या खोल खळग्यांत पाणी उरतं. दगडाच्या थरांमध्ये मुरलेला पाऊस झिऱ्यांनी हळूहळू बाहेर येतो आणि डोहाला जगवतो. रानगवा, सांबर, अस्वल, वाघ, सगळ्यांचा मे महिना असल्या डोहांवर निघतो. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. वाघ राखायचा म्हणून आपण जंगल राखलं, आणि जंगलानं आपलं पाणी राखलं.

परतताना चिखलदऱ्याच्या कड्यावर थांबलो. हे पठार म्हणजे पाण्याची वाटणी आहे. उत्तर उतारावर पडलेला थेंब सिपनेतून तापीत जातो. दक्षिणेकडे पडलेला चंद्रभागा, शहानूर, सापन अशा नद्यांनी आपल्याकडे उतरतो. त्यातला काही पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरून विहिरींना गोड पाणी देतो, उरलेला पूर्णेत जातो. पूर्णाकाठी, अकोला-दर्यापूरकडे, खारपाणपट्टा सुरू होतो. तिथं त्याच गाळात विहिरीचं पाणी खारट निघतं, शेकडो गावांची जमीन पाण्यावर बसून तहानलेली असते. म्हणून डोंगराच्या पायथ्याचं गोड पाणी ही केवढी मिळकत आहे, हे आपण विसरू नये. वरचं जंगल उघडं पडलं तर पाऊस मुरणार नाही, नुसता धावत खाली येईल.

पठारावर एका हाताच्या अंतरानं वेगळे झालेले ते दोन थेंब पुढे पुन्हा भेटतात. जळगाव जिल्ह्यात चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. एक साग-सालईच्या रानातून आलेला, दुसरा कपाशीच्या शेतांमधून. तिथून सुरतेपर्यंत दोघांची वाट एकच.

रात्री घरी पोचलो. बायकोनं विहिरीवरून कळशी आणली आणि ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. “हे आपल्या बाजूचं,” ती म्हणाली. “त्या बाजूचं डोहात बसलंय अजून. पावसाळा आला का निघन.”