पावसाळ्याआधी पुढच्या चाकांची तपासणी



सेवाकेंद्राच्या जुन्या पिकअपची दुरुस्ती हा आमच्या खर्चात दरवर्षी येणारा विषय. "गाडी तर धावते आहे, मग फोर-व्हील बंद आहे म्हणजे नेमके काय?" असे आपल्यापैकी काहींनी विचारले. गाडी चालवणे आणि तिची निगा राखणे हे काम माझ्याकडे असल्यामुळे उत्तरही मीच लिहीत आहे. ज्या मंडळ्यांकडे किंवा वसतिगृहांकडे अशी जुनी गाडी आहे, त्यांनाही याचा उपयोग होईल.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. डांबरी रस्ता जिथे संपतो, तिथून पुढे मातीचा चढ. उन्हाळ्यात या चढाला मागची दोन चाके पुरतात. पावसाळ्यात मात्र ती चिखलात जागच्या जागी फिरत राहतात. अशा वेळी पुढची चाके ओढत नसतील, तर अडलेल्या बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत खांद्यावर आणावे लागते. म्हणून ही तपासणी मे महिन्यात व्हायला हवी. चिखलात अडकल्यावर बिघाड कळून काही उपयोग नाही.

ताकद पुढे कशी जाते

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नेहमी जोडलेला असतो. लहान लिव्हर २एचवरून ४एचवर टाकला, की पुढचा शाफ्टही जोडला जातो. ४एल हा त्याहून हळू पण जास्त ओढीचा गिअर. शेवटची कडी म्हणजे पुढच्या चाकांचे हब. आमच्या गाडीत ते हाताने फिरवून 'फ्री' किंवा 'लॉक' करावे लागतात. हब फ्री राहिले, तर लिव्हर कुठेही असो, पुढची चाके नुसती घरंगळतात.

मीटरवरचा ४ बाय ४चा दिवा बहुतेक गाड्यांत ट्रान्सफर केसवरच्या स्विचमुळे लागतो. चाके ओढतात की नाही, हे त्याला कळत नाही. दिवा लागला म्हणजे काम झाले, असे धरू नये.

जॅक आणि दगडांवर होणारी तपासणी

गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. मग पुढचे एकच चाक जॅकने उचलावे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये. जे पाहायचे ते बाजूने वाकून पाहावे.

पहिली पायरी : लिव्हर २एचवर आणि दोन्ही हब लॉक. उचललेले चाक हाताने फिरवावे. गाडीखालचा पुढचा शाफ्ट सोबत फिरला, तर हब आणि पुढचा अ‍ॅक्सल ठीक आहेत. शाफ्ट जागचा हलला नाही, तर बहुधा दोनपैकी एक हब धरत नाही. अनेकदा आत फक्त चिखल आणि वाळलेले ग्रीस असते. हब उघडून साफ केला की काम होते.

दुसरी पायरी : हब तसेच ठेवून लिव्हर ४एचवर टाकावा. आता तेच चाक थोडेसे हलून अडले पाहिजे. ते मोकळे फिरत राहिले, तर ट्रान्सफर केस जोडला जात नाही. तरी लगेच तो उघडायला सांगू नये. आधी लिव्हरपासून केसपर्यंतचे सांधे पाहावेत. वाळलेला चिखल किंवा झिजलेला बुश असला, की लिव्हर पूर्ण जागेवर बसत नाही. लिव्हरऐवजी बटण असलेल्या गाडीत आधी फ्यूज आणि वायरचे जोड पाहावेत. हबला व्हॅक्यूमची रबरी नळी जात असेल, तर तिला चीर पडली आहे का तेही बघावे.

क्रम असा ठेवण्याचे कारण पैशाचे आहे. साफसफाई, बुश आणि फ्यूज यांना थोडका खर्च येतो. ट्रान्सफर केस उघडला की मजुरीच मोठी होते. आपण पाठवलेल्या देणगीतून तो उघडायचा, तर बाकी सर्व तपासून झाल्यावरच.

आवाज आणि ऑईल

वळताना पुढून टक-टक ऐकू आली, तर चाकाजवळचा जॉइंट झिजलेला असतो. गाडी उचलताना खालून ठक्क असा धक्का बसला, तर शाफ्टचा क्रॉस पाहावा.

ओढा ओलांडल्यावर ऑईल जरूर बघावे. तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला, की आतली हवा आकसते. हवेची छोटी नळी चिखलाने बंद असेल, तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑईल दुधट दिसले, तर ते त्याच आठवड्यात बदलावे. ऑईल काढण्याआधी भरायचा बोल्ट उघडतो ना, हे पाहून घ्यावे. तो गंजून बसला असेल, तर गाडी ऑईलविना उभी राहते.

बिघाड होऊच नये म्हणून

वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर चालतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तसे होत नाही. मग शाफ्टवर ताण चढतो, स्टिअरिंग जड होते आणि लिव्हर अडकतो. अडकलेल्या लिव्हरवर जोर करू नये. गाडी सरळ थोडी मागे घेतली की ताण उतरतो. डांबर लागले की २एच, हा आमचा नियम आहे.

टायर "दोन आता, दोन पुढच्या वर्षी" असे का घेत नाही, याचे उत्तरही यातच आहे. नवा टायर झिजलेल्यापेक्षा घेराने मोठा असतो. पुढे एक घेर आणि मागे दुसरा असला, तर सरळ रस्त्यावरही तोच ताण चढतो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे लागतात.

उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दहा मिनिटे ४एच वापरावा. न वापरलेला लिव्हर आणि हब जाम होतात.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्यावी. फोर-व्हीलने गाडी चढते, पण ब्रेक त्यामुळे अधिक चांगले लागत नाहीत. पूर आलेल्या ओढ्यात आम्ही गाडी घालत नाही. पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबतो.

आपल्यापैकी कोणी फिटर किंवा मेकॅनिक असतील, त्यांनी मे महिन्यात दोन दिवस आमच्याकडे यावे, ही विनंती. जॅक आणि दगड आमच्याकडे आहेत. जाणता हात मिळाला, तर पहिल्या पावसाआधी गाडी तयार होईल.