वाढ्याचा मुरघास : खड्डा तोडणीतच भरा



आपला सानगडीचा भाग म्हणजे तलाव बांधून ऊस पिकविणाऱ्या कोहळी लोकांचा मुलूख. पण वैरणीचे आपण अजून धानाच्या तणसावरच भागवतो. वैशाखात तेही संपत येते, गाय आटते आणि चांगले जनावर पडेल त्या भावाने बाजारात जाते. इकडे तोडणीच्या दिवसांत हिरवे वाढे फडातच वाळते, नाहीतर पेटवून देतात!

आमचा पहिला खड्डा फसला, हे आधीच सांगतो. बोडीच्या पाळीखाली खणला होता; झिरपा लागला, खालचा सगळा थर कुजला. तेव्हा जागा उंचवट्याची घ्या. तशी जागा नसेल तर जमिनीवर ढीग रचा किंवा प्लॅस्टिकची मुरघास पिशवी वापरा.

तोडणीवाल्यांच्या बैलांचा वाटा काढून उरलेले वाढे त्याच दिवशी आणा. इंच-दीड इंचाची कुट्टी करा. शंभर किलोला दोन किलो मळी किंवा गूळ पाण्यात कालवून शिंपडा, अर्धा किलो मीठ टाका. अर्ध्या फुटाचा थर झाला की तुडवा, कडेने जास्त तुडवा. आत हवा राहिली की बुरशी आलीच. एक-दोन दिवसांत भरून प्लॅस्टिक, वर तणस, वर माती टाकून लिंपा. भेग पडली की बुजवा. साधारण दोन महिन्यांनी उघडा, तेही एकाच बाजूने. आंबूस वास आला तर साधले. काळे, बुरशीचे फेकून द्या, जीव हळहळला तरी.

घनमीटरात सुमारे ५०० किलो बसतो. गाईला रोज १५ किलो धरला तर तीन महिन्यांना पावणेतीन घनमीटर पुरे.

नुसत्या वाढ्यावर मात्र जनावर ठेवू नका. त्यात ऑक्झलेट असते, ते अंगातला चुना ओढते. म्हणून खनिज मिश्रण द्या, जोडीला थोडी ढेप.

तणसाचा मुरघास होतो का, असे पुष्कळजण विचारतात. होत नाही, त्यात ओलही नाही, साखरही नाही. त्याला वेगळा उपाय आहे. शंभर किलो तणसाला चार किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा, २१ दिवस झाकून ठेवा. घालण्यापूर्वी तासभर हवेवर पसरा. सहा महिन्यांखालच्या वासराला देऊ नका. आणि युरियाचे पाणी उघड्या टोपल्यात ठेवू नका, ते प्याले तर जनावर दगावते.