दगडाची साक्ष

नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीच्या काठी गंगापूर नावाचे गाव आहे. तेथील धरण सर्वांना ठाऊक असते. पण या परिसराची आणखी एक ओळख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकळिया यांना येथे नदीच्या जुन्या दगडगोट्यांच्या थरात अश्मयुगातील माणसाची हत्यारे सापडली. १९५२ साली त्यांनी गोदावरीकाठच्या या हत्यारांवर पुस्तक प्रसिद्ध केले.

नदीत तर असंख्य दगड पडलेले असतात. त्यांतला एखादा माणसाने घडवला आहे, हे कसे ओळखायचे? आणि आज कोणी तसाच दगड घडवून 'हा प्राचीन आहे' असे म्हटले, तर त्याचे खोटे कसे पकडायचे?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नाशिकचा काळा दगड ज्वालामुखीच्या लाव्हापासून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला. त्याची हातकुऱ्हाड लाखो वर्षांपूर्वी केलेली असो की काल केलेली असो, दगड तेवढाच जुना. म्हणून दगडाचे वय विचारून उपयोग नाही. तो केव्हा फोडला, हे विचारायला हवे.

पहिली खूण घावांची. दगडावर नेमका घाव घातला की त्याचा छिलका उडतो. घाव बसलेल्या जागेजवळ छिलक्यावर लहानसा फुगवटा दिसतो. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग उठतात, तशा रेषाही कधी कधी दिसतात. नदीत आपटून दगडाचा एखादा टवका निघू शकतो. पण दोन्ही बाजूंनी ओळीने छिलके काढून धार केलेली असेल, तर त्यामागे माणसाचा हात आणि विचार असतो.

दुसरी खूण रंगाची. काळा दगड ताजा फोडला की आतून काळसर निघतो. ऊन, पाऊस आणि माती यांच्यामुळे वरचा भाग हळूहळू करडा किंवा तपकिरी होतो. जुन्या हत्याराच्या घावांवरही असा थर चढलेला असतो. दगडाची पाठ तपकिरी आणि घाव मात्र काळेभोर असतील, तर ते घाव अलीकडचे समजावेत. तरीही घाई करू नये. जुने हत्यार नांगराच्या फाळाने फुटले, तर त्यावरही एखादा ताजा घाव दिसतो.

तिसरी खूण भिंगातून दिसते. जुन्या हत्याराच्या खाचांत कधी कधी चुनखडीचा घट्ट थर बसलेला असतो. नकली वस्तूला लावलेली माती पाण्याने निघून जाते. नदीतून वाहत आलेल्या हत्याराच्या कडा झिजून बोथट होतात. आज लोखंडाच्या किंवा तांब्याच्या अवजाराने घडवलेल्या दगडावर त्या धातूचे बारीक ओरखडे राहू शकतात.

अकीक, गारगोटी अशा कठीण दगडांच्या लहान पात्यांची परीक्षा अधिक अवघड असते. 'अकीक' हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही माहीत आहे. १९५०-५१ साली नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन झाले. जोर्वे संस्कृतीच्या लोकांना तांबे माहीत होते, तरीही ते दगडाची लहान पाती वापरीत. असा गुळगुळीत, कठीण दगड लवकर रंग बदलत नाही. मग नुसत्या रंगावरून निकाल कसा द्यायचा? अशा वेळी सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे ती वस्तू ज्या थरात सापडली, तो मातीचा थर.

या साक्षीदाराला फसवले, तर काय होते? जपानमध्ये शिनिची फुजिमुरा नावाचा एक हौशी संशोधक होता. त्याला फार जुन्या थरांत दगडी हत्यारे सापडत. लोक त्याच्या हातांना 'देवाचे हात' म्हणत. त्याचे शोध शाळेच्या पुस्तकांतही आले. २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये एका वृत्तपत्राने त्याची छायाचित्रे छापली. तो स्वतःच हत्यारे जमिनीत पुरत होता! पुढे तपासणी झाली. कित्येक हत्यारांवर लोखंडाच्या अवजारांच्या खुणा आणि वरच्या थरातील काळी माती आढळली. बहुतेक हत्यारे खरोखर जुनी होती, पण ती दुसऱ्या ठिकाणची आणि बरीच अलीकडच्या काळातली होती. दगड खरा होता, जागा खोटी होती. पाठ्यपुस्तके बदलावी लागली आणि अनेक वर्षांचे संशोधन वाया गेले.

दगडी हत्यारे आजही घडवली जातात. जुन्या माणसाने ती कशी बनवली असतील, हे समजून घेण्यासाठी अभ्यासक स्वतः दगड फोडून पाहतात. त्यात काही गैर नाही. नवी वस्तू जुनी म्हणून सांगणे, हे मात्र गैर आहे.

मित्रांनो, नदीकाठी फिरताना तुम्हांला असा एखादा दगड दिसला, तर तो खिशात घालू नका. जेथे आहे तेथेच राहू द्या. जागेची नोंद करा, जमल्यास छायाचित्र घ्या आणि आपल्या शिक्षकांमार्फत पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून उचललेले हत्यार खरे असले, तरी त्याची अर्धी गोष्ट मातीतच राहून जाते.