जुना ॲम्प्लिफायर का घुमतो?

गिटारचा जुना ॲम्प्लिफायर बिघडला, तर दुरुस्ती कोठून सुरू करावी? स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी कान द्यावा, हे याचे उत्तर. बिघाडाची बरीच माहिती यंत्राच्या आवाजातच असते.

उदाहरणादाखल अमेरिकेतील फेंडर कंपनीचा १९५९ सालचा ‘बेसमन’ घेऊ. त्यात ट्रान्झिस्टर नाहीत, व्हॉल्व्ह आहेत. त्यांना सुमारे ४३० व्होल्ट डी.सी. विद्युत्‌दाब लागतो. अमेरिकेत घरात येणारी वीज मात्र ए.सी. आणि ६० हर्ट्‌झची असते. तिचे डी.सी. करताना तरंगाचा प्रत्येक ऋण अर्धा भाग उलटा केला जातो. त्यामुळे सेकंदाला ६० आवर्तनांचे १२० उंचवटे होतात. ते सपाट करण्याचे काम धारित्र, म्हणजे कपॅसिटर, करते. नळाला पाणी थांबून थांबून आले, तरी टाकीतून सलग धार मिळते, तसेच हे.

या धारित्रांत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरील ऑक्साइडचा पातळ थर विद्युत्‌रोधक असतो व शेजारी विद्युत्‌ अपघटनी द्रव असतो. काही दशकांत द्रव सुकतो, धारिता घटते, उंचवटे उरतात आणि स्पीकरमधून १२० हर्ट्‌झची घूं ऐकू येते. घूं ६० हर्ट्‌झची असेल, तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारांत किंवा गिटारच्या केबलमध्ये असतो. दोन्हींत बरोबर एका सप्तकाचे अंतर असल्याने सवयीच्या कानाला फरक कळतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून येथे हे स्वर ५० व १०० हर्ट्‌झचे असतात. आवाजाचे बटण शून्यावर नेऊनही घूं तशीच राहिली, तर संशय वीजपुरवठ्यावर घ्यावा. कमी झाली, तर गिटारकडील बाजूवर.

बटण फिरवताना खरखर झाली, तर ते आतून मळलेले असते. पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यावर एखादा व्हॉल्व्ह ‘टण्ण’ असा वाजला, तर तो सैल झालेला असतो. व्हॉल्व्हमधील धातूचे पत्रे लालबुंद दिसले, तर यंत्र ताबडतोब बंद करावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्लग काढला म्हणजे धोका टळला, असे नाही. पहिल्या टप्प्यातील ४० मायक्रोफॅरड धारित्रांत ४३० व्होल्टला ½CV² या सूत्राने सुमारे ३.७ ज्यूल ऊर्जा साठते. एक किलोची वस्तू जेमतेम ३७ सेंटिमीटर उचलण्याइतकीच ही ऊर्जा. पण तिचा झटका छातीतून गेला, तर जिवावर बेतू शकते. म्हणून जाणकार कारागीर ती १०० किलोओहमच्या, ५ वॅटच्या रोधातून वाहू देतो. येथे RC चे मूल्य ४ सेकंद. पाचपट काळात, म्हणजे २० सेकंदांत, दाब ३ व्होल्टच्या खाली येतो. तरीही मीटरने तपासल्याशिवाय तो आत हात घालत नाही.

असे यंत्र वर्गात उघडू नये. त्याचे तत्त्व मात्र ९ व्होल्टच्या बॅटरीवर निर्धोकपणे दाखवता येते. १००० मायक्रोफॅरडचे धारित्र ध्रुव पाहून जोडा व भारित करा. मग बॅटरी काढून ते १० किलोओहम रोधातून रिकामे होऊ द्या. दर पाच सेकंदांनी दाब मोजून विद्यार्थ्यांना आलेख काढू द्या. दहाव्या सेकंदाला सुमारे ३.३ व्होल्ट उरतील. बॅटरी काढल्यावरही मीटरचा काटा शून्यावर का नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला, की प्लगचा मुद्दा त्यांना वेगळा सांगावा लागणार नाही.