पुस्तक घ्यावं पाठ बघून

हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणाऱ्या माणसाला पुस्तक कसं हवं, हे वेगळं विचारावं लागत नाही. ते उघडं राहिलं पाहिजे. अठरा अध्याय, नऊ हजारांच्या घरातल्या ओव्या, दिवस सात. मांडवात वारा, शेजारचे आपल्यापुढे दोन ओव्या गेलेले, आणि त्यात पान दाबून धरायला एक हात अडकून पडला तर वाचणाऱ्याची तारांबळ उडते. म्हणून धाराशिव जिल्ह्यातलं कळंब असो की परंडा, पारायणाच्या मांडवात जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली ज्ञानेश्वरीच जास्त दिसते. स्टँडवर ठेवली की ती दोन्हीकडे सपाट पडते.

हाच माणूस वारीला निघाला की पुठ्ठ्याची प्रत घरी ठेवतो आणि गुटका काढतो. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी दर आषाढी वारीला धाराशिव, तुळजापूर करत सोलापूरकडे जाते. महिनाभर पायी चालणाऱ्याला पाठीवरचं ओझं कळतं, खिशात मावणाऱ्या हरिपाठाची किंमतही कळते. गोरखपूरची गीता प्रेस १९२३ पासून धार्मिक पुस्तकं छापते. तिच्या मराठी यादीत ज्ञानेश्वरी मोठ्या ग्रंथाच्या रूपातही आहे आणि गुटक्याच्या रूपातही. ग्रंथ एक, वाचक एक, बांधण्या दोन. हार्डबाउंड की पेपरबॅक, हा वाद दुकानात उभं राहून घालतात तसा आवडीनिवडीचा नाही. पुस्तक कुठे, कसं आणि किती वेळा वाचायचं, त्यावर तो सुटतो. आणि सुटतो तोही पुठ्ठ्याकडे बघून नाही, पाठीकडे बघून.

त्यासाठी पुस्तक बांधतात कसं ते थोडं बघावं लागेल. छापलेला मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा केला की त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून, प्रत्येकाच्या घडीतून दोरा ओवून ते एकमेकांना शिवायचे, पाठीला सरस किंवा गोंद लावून वर जाळीदार कापड चिकटवायचं, पुढेमागे कोरा कागद लावून सगळं पुठ्ठ्याच्या कवचात बसवायचं, ही जुनी रीत. यात पान दोऱ्याने धरलेलं असतं, गोंद फक्त मदतीला.

पेपरबॅकची आजची रीत वेगळी आहे. फर्मे रचून यंत्रात घातले की यंत्र पाठीकडची घडीच कापून टाकतं. प्रत्येक पान सुटं होतं. खरवडलेल्या कडेवर गरम गोंद पसरतो आणि त्यावर जाड कागदाचं मुखपृष्ठ बसतं. पानाला धरून ठेवायला कडेची गोंदाची रेघ, एवढंच. ही कल्पना नवी नाही. लंडनच्या विल्यम हॅनकॉकने १८३६ मध्ये रबराच्या द्रावणाने पानं चिकटवायचं पेटंट घेतलं होतं. पुस्तकं सुरेख उघडत, पण काही दशकांनी रबर कुजलं आणि पानं गळू लागली. विसाव्या शतकात गरम करून लावायचा कृत्रिम गोंद आला तेव्हा कुठे हा धंदा उभा राहिला. त्यातला स्वस्त आणि सर्वत्र वापरला जाणारा गोंद उन्हात मऊ पडतो आणि वर्षं गेली की कडक होऊन तडकतो. पीयूआर नावाचा नवा गोंद बराच चिवट आहे, पण महाग. दिवाळी अंकही बहुधा गोंदानेच जोडलेला असतो. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा प्रकार एका हंगामापुरता, हातोहात फिरण्यासाठी. त्याला पुठ्ठा मागणं म्हणजे अति झालं.

इथे गिऱ्हाईक एका ठिकाणी फसतं. वरून पुठ्ठा, त्यावर गुळगुळीत वेष्टन, किंमत शे-दीडशे रुपयांनी जास्त, आणि आत? आत तेच कापलेल्या पाठीचं, गोंदाने चिकटवलेलं बाड. अशी पुस्तकं आता सर्रास निघतात. पुठ्ठा पानांचे कोपरे वाचवतो, कपाटात पुस्तक ताठ उभं ठेवतो, भेट देताना बरा दिसतो. पानं धरून ठेवणं त्याच्या हातात नाही. उलट फर्मे शिवून वर साधं कागदी मुखपृष्ठ लावलेली पेपरबॅकही निघतात, आणि माझ्या मते रोजच्या वाचकाला तीच सगळ्यांत सोयीची. वजन कमी, किंमत मधली आणि पानं पक्की. मराठीत ती कमी मिळतात, कारण आपण मागतच नाही.

ओळखायचं कसं? पुस्तक मिटून पाठीच्या वरच्या टोकाकडे बघा. पानांचे छोटे छोटे वळलेले पुंजके दिसले तर फर्मे शाबूत आहेत. सरळ, सपाट, एकसंध रेघ दिसली तर पाठ कापलेली आहे. मग फर्म्याच्या मधोमध उघडा, घडीत दोऱ्याचे टाके दिसतील. आणखी एक गोष्ट असते, ती प्रकाशकही कधी कधी विसरतात. कागदालाही लाकडासारखा धागा असतो. तो पाठीला समांतर असला तर पान अलगद वळतं. आडवा असला तर शिवलेलं पुस्तकसुद्धा हात काढला की मिटतं. पान वरून धरून हलकं वाकवलं की कळतं.

वजनाचा हिशेब घरी करता येतो. डेमी आकाराचं तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे दीडशे कागद. सत्तर ग्रॅमी कागद धरला तर सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. पुठ्ठ्याने त्यात शंभरेक ग्रॅमची भर पडते. झोपून वाचणाऱ्याच्या मनगटाला आणि उमरगा-धाराशिव एसटीत उभ्याने वाचणाऱ्याला हा फरक जाणवतो. तो टपालातही जाणवतो. पुण्या-मुंबईहून पुस्तकं मागवणाऱ्यांना नोंदणीकृत बुकपोस्टचा मोठा आधार होता. टपाल खात्याने ती सवलत डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. टपालाचे पैसे वजनावर ठरतात, आणि पुठ्ठ्याचे पैसे दोनदा: एकदा प्रकाशकाला, एकदा टपालाला.

मग मराठी पुस्तकं इतकी वर्षं पुठ्ठ्यात का निघाली? कारण ती घरासाठी निघतच नव्हती. हजारभर प्रतींची आवृत्ती काढायची आणि ती ग्रंथालयांनी उचलायची, यावर मराठी प्रकाशन जगलं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळू लागलं. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग ठरले. तालुक्याच्या वाचनालयापासून एका खोलीतल्या ड वर्गापर्यंत पुस्तकं जाऊ लागली. शंभर हातांतून जाणाऱ्या पुस्तकाला पुठ्ठा आणि शिलाई लागणारच. घरच्या वाचकाने तेच पुस्तक विकत घेतलं, तर त्याने ग्रंथालयाची गरज आपल्या खिशातून भागवली असंच म्हणायचं.

आता गाडी उलटी फिरली आहे. प्रकाशक पेपरबॅक काढतात, ग्रंथालयं तीच घेतात आणि वर्षभरात बाइंडरकडे पाठवतात. पाठ आधीच कापलेली, त्यामुळे घडीतून शिवता येत नाही. कडेने टोचे मारून दोरा ओढावा लागतो. त्यात आतला समास जातो आणि ओळींचे शेवटचे शब्द शिलाईत गडप होतात. वर रेक्झिनचा पट्टा, त्यावर पेनाने लिहिलेलं नाव. अशी कादंबरी वाचायची म्हणजे पुस्तकाशी कुस्ती. ग्रंथालयांनी खरेदीच्या वेळीच शिवलेली प्रत मागितली तर हा दुसरा खर्च वाचेल. पण मागणार कोण? अनुदान हप्त्याने येतं आणि यादी घाईने होते.

हवेचा प्रश्नही आहे. बालाघाटाच्या पठारावरचा धाराशिव जिल्हा कोरडा. कोकणातल्या वाचकाला बुरशीची जी धास्ती असते ती इथे नाही. पण उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पेपरबॅकचा गोंद वर्षांगणिक हार मानतो. एप्रिलच्या कोरड्या हवेतून जुलैच्या दमट हवेत जाताना पुठ्ठाही धनुष्यासारखा वाकतो. पुस्तकं आडवी रचून वर वजन ठेवलं तर बराचसा सरळ होतो. खरा शत्रू वाळवी आणि कसर. जुन्या पुठ्ठाबांधणीत कणकेची खळ असते आणि कसरीला तीच आवडते, म्हणून जाणते बाइंडर खळीत मोरचूद घालतात. पुठ्ठा म्हणजे संरक्षण, हा समज निदान या बाबतीत तरी खरा नाही.

पातळ मुखपृष्ठाच्या पुस्तकाला आपल्याकडे फार दिवस हलकं समजलं गेलं, त्याला इतिहास आहे. इंग्लंडात ॲलन लेनने १९३५ मध्ये सहा पेन्सांत पेंग्विन काढली आणि चांगलं साहित्य कागदी मुखपृष्ठात विकता येतं हे दाखवलं. हिंदीत १९५८ मध्ये हिंद पॉकेट बुक्सने तेच केलं. मराठीत मात्र कागदी मुखपृष्ठ म्हटलं की डोळ्यांपुढे यायचे बाबुराव अर्नाळकर, त्यांचा झुंजार आणि काळापहाड. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने किती जणांना वाचायला लावलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. धाराशिव शहरात रेल्वे या शतकात आली. त्याआधी प्रवासातलं वाचन म्हणजे एसटी स्टँडवरचा स्टॉल, आणि तिथे पुठ्ठ्याला जागा नव्हती.

पुठ्ठा म्हणजे श्रीमंती, हेही नेहमी खरं नव्हतं. तुकारामबुवांची सरकारी गाथा १९५० मध्ये निघाली ती लोकांना परवडावी म्हणून. महाराष्ट्र शासन डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून काढतं, तेही पुठ्ठ्याच्या बांधणीत आणि अल्प किमतीत. ते घेणारी माणसं हौसेची पुस्तकं जमवणारी नव्हती. खंड घरात राहणार, मुलं वाचणार, त्यांची मुलं वाचणार, या हिशेबाने घेतलेले ते. तिथे पुठ्ठाच योग्य.

याच्या दुसऱ्या टोकाला अभ्यासिकांमधली पोरं. स्पर्धा परीक्षेचं आठशे पानी पेपरबॅक हातात आलं की काही जण आधी झेरॉक्सच्या दुकानात जातात, पाठ कापून घेतात आणि विषयवार तीन-चार स्पायरल करून आणतात. जुन्या वाचकाला हे पाहून कसंसं होतं. मला त्यात वावगं वाटत नाही. पुस्तक सपाट उघडतं, एक भाग दप्तरात मावतो, आणि परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला की तसंही ते रद्दीत जाणार. बालभारतीनेही २०२३-२४ मध्ये दप्तराचं ओझं कमी करायला पाठ्यपुस्तकं चार भागांत काढली होती, मध्ये लिहायला कोरी पानं घालून. दोनच वर्षांत तो प्रयोग गुंडाळला. कोऱ्या पानांचं ठाऊक नाही, भाग पाडण्याची कल्पना मात्र चांगली होती.

जानेवारी २०२० मध्ये ९३वं मराठी साहित्य संमेलन धाराशिव शहरात झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. पुस्तकांची एवढी दुकानं इथे रोज लागत नाहीत. एरवी वर्षातून एकदा जिल्ह्याचा ग्रंथोत्सव आणि अधूनमधून लागणारी प्रदर्शनं, एवढीच संधी. तेव्हा तिथे गेलात तर एकदाच वाचायची कादंबरी, प्रवासात न्यायचे ललित लेख, मुलांची गोष्टीची पुस्तकं यांसाठी पेपरबॅक बिनधास्त घ्या. मुलांच्या बाबतीत तर पुठ्ठ्याचे टोकदार कोपरेच त्रास देतात. शब्दकोश, गाथा, ज्ञानेश्वरी, पुन्हा पुन्हा उघडायचा इतिहासग्रंथ यांसाठी पुठ्ठा घ्या, पण शिलाई बघून. हल्ली पुस्तकं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली असतात आणि बघायला मागितलं की विक्रेता कुरकुरतो. पातळ पुस्तकाला मी आग्रह धरत नाही. पाचशे पानांच्या वरचं असेल तर प्लॅस्टिक काढून दाखवा म्हणतो, आणि नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जातो.