लाल दिवा कुणी लावायचा?

वाढत्या वयातलं वजन : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण बीएमआयचे तक्ते पाहिले. पुढचा प्रश्न बहुतेक घरांत ठरलेला असतो. मूल नाहीतरी मोबाइलवरच असतं, मग वजनासाठी एखादं ॲपच दिलं तर? या प्रश्नाला हात घालताना अमेरिकेतल्या ‘कर्बो’ची हकीकत सांगायलाच हवी.

एके काळी ‘वेट वॉचर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यू कंपनीनं ऑगस्ट २०१९मध्ये हे ॲप ८ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आणलं. मुलानं काय खाल्लं ते नोंदवायचं, की ॲप त्या पदार्थाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देई. महिन्याला ६९ डॉलर भरले तर व्हिडिओवरून बोलणारा मार्गदर्शकही मिळे. जाहिरातीत मुलांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो होते. खाण्याच्या मानसिक विकारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांनी लगेच हरकत घेतली. वयात येणाऱ्या मुलीच्या मनात ‘हा पदार्थ वाईट’ पासून ‘मी वाईट’ इथवरचं अंतर फार थोडं असतं, ही त्यांची भीती मला रास्त वाटते.

पण सिग्नलच्या दिव्यांसारख्या रंगांची ही कल्पना कर्बोची नव्हती. बफेलोच्या विद्यापीठात काम केलेले मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन यांनी ती १९७०च्या दशकापासून वापरली, तपासली आणि १९९०मध्ये दहा वर्षांचा हिशेब मांडला. जादा वजनाच्या ६ ते १२ वर्षांच्या मुलांची कुटुंबं तीन गटांत विभागली होती. आहार, व्यायाम आणि सवयींचं शिक्षण सगळ्यांना सारखंच होतं. फरक होता तो शाबासकी कशाबद्दल मिळते, एवढाच. पहिल्या गटात मूल आणि पालक दोघांच्या बदलाबद्दल, दुसऱ्यात फक्त मुलाच्या, तिसऱ्यात नुसत्या हजेरीबद्दल. दहा वर्षांनी पहिल्या गटातल्या मुलांच्या जादा वजनाची टक्केवारी सुरुवातीपेक्षा ७.५नं उतरलेली होती. दुसऱ्या गटात ती ४.५नं वाढली, तिसऱ्यात १४.३नं.

हे आकडे मी मुद्दाम सविस्तर दिले, कारण सगळी गोम त्यांत आहे. लाल दिवा तोच, पण आई किंवा बाबा सोबत बदलले तरच तो दहा वर्षं टिकला. मुलाच्या हातात फोन देऊन ‘आता तू बघ’ म्हणणं म्हणजे माझ्या मते त्याला त्या दुसऱ्या गटात ढकलणं. तेरा वर्षांचं पोर तेल विकत आणत नाही, रात्रीचं जेवण किती वाजता व्हायचं ते ठरवत नाही आणि संध्याकाळी पाच ते आठ क्लास लावून खेळायची वेळ काढून घेणारंही ते नसतं.

नोंदीचंच उदाहरण घ्या. मुलगी लिहिते, ‘एक वाटी आमटी, दोन पोळ्या.’ वाटी केवढी? आमटीला फोडणी किती तेलाची? पोळीवर तूप होतं का? हे तिला ठाऊक नसतं. स्वयंपाक करणाऱ्याला असतं. ॲप मात्र तिच्यापुढे उष्मांकांचा नेमका आकडा ठेवतं आणि ती त्यावर विश्वास ठेवून उद्याचा नाश्ता टाळते.

शिवाय वाढत्या मुलात वजन घटणं हेच नेहमी उद्दिष्ट नसतं. उंची वाढत असताना वजन तेवढंच राहिलं, तरी बीएमआय उतरतो. मोठ्यांसाठी बनवलेल्या ॲपला हे कळत नाही. ते दर आठवड्याला किलो मागत राहतं. आपल्याकडे ५ ते १८ वयासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे तक्ते आहेत, तेच वापरावेत.

कर्बोचा शेवट वेगळ्याच कारणानं गाजला. मार्च २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीकडून १५ लाख डॉलरचा दंड वसूल केला. आपण तेरा वर्षांवरचे आहोत एवढं सांगितलं की लहान मुलांनाही खातं उघडता येई आणि पालकांच्या संमतीविना त्यांचं वजन, आहार, हालचाल गोळा होई. ती माहिती पुसावी लागलीच, शिवाय तिच्यावर बेतलेली गणिती सूत्रंही नष्ट करायचा आदेश झाला. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूलच. तेव्हा ॲप घेताना पालकांची संमती कशी विचारली जाते, ते स्वतः पाहा.

मग ॲप नकोच का? तसं नाही. झोप किती, पावलं किती, गोड पेयं किती, एवढं घरातल्या सगळ्यांनी मिळून नोंदवायला ते छान आहे. उष्मांक आणि वजनाचं लक्ष्य मात्र बंद ठेवा. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२३च्या मार्गदर्शनानुसार परिणामकारक उपचाराला ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष भेटी लागतात, त्याही कुटुंबासह. ॲप फार तर या भेटींच्या मधले दिवस सांभाळेल. मूल जेवण टाळू लागलं, लपून खाऊ लागलं, दिवसातून अनेकदा काट्यावर उभं राहू लागलं किंवा मुलीची पाळी चुकू लागली, तर ॲप त्याच दिवशी काढा आणि डॉक्टरांना भेटा.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या फाटकापाशी जाऊ. २०२०च्या नियमांनुसार तिथून ५० मीटरच्या आत काय विकता येत नाही आणि मधल्या सुट्टीत प्रत्यक्षात काय विकलं जातं, ते पाहू.