तीन गिअरची जीप

परभणी जिल्ह्याची जमीन गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतील, काळी, चिकण व कापसाला मानवणारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की हीच माती चाकाला अशी बिलगते की दोन चाकांवर ओढणारी गाडी जागच्या जागी रुतून बसते. अशा मुलखात चारही चाकांना जोर पोहोचविणाऱ्या जीपचे महत्त्व कोणास सांगावे लागले नाही. ज्या १९४८ साली हा जिल्हा निजामाच्या अंमलातून मुक्त झाला, त्याच साली विलिस जीप हिंदुस्थानात आणणाऱ्या ‘महिंद्र आणि महंमद’ या कंपनीचे नाव ‘महिंद्र आणि महिंद्र’ असे झाले. पुढे सरकारी खात्यांच्या जीपा दौऱ्यांवर झिजल्या, निर्लेखित होऊन लिलावात निघाल्या, आणि शेतकऱ्याच्या दारी किंवा मेस्तरीच्या गॅरेजात त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले.

त्या जुन्या जीपचा गिअरबॉक्स वॉर्नर कंपनीच्या टी-९० जातीचा, तीन गिअरचा. पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८०, दुसऱ्याचे १.५५ आणि तिसरा सरळ. पहिल्याला, गिअर घालताना वेग जुळवून घेणारा, सिंक्रोमेश नाही. म्हणून चालत्या गाडीत दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचे, तर एकदा क्लच दाबून न्यूट्रल करावे, इंजिनाचा वेग वाढवावा आणि पुन्हा क्लच दाबून गिअर घालावा, एवढे कौशल्य चालकाच्या हातापायांत असावे लागते. शिवाय पहिल्या आणि दुसऱ्या गिअरांमधील अंतर मोठे. मागे भरलेली ट्रॉली जोडून चढ चढताना पहिल्यात इंजिन व्यर्थ ओरडते आणि दुसऱ्यात ते दम टाकते. म्हणूनच चार गिअरचा, सर्व गिअरांना सिंक्रोमेश असलेला गिअरबॉक्स बसविण्याची इच्छा जुन्या जीपच्या मालकास होते.

हे काम बाहेरून पाहणाऱ्यास एक पेटी उतरवून दुसरी चढविण्याइतके सोपे वाटते. परंतु गिअरबॉक्स हा एकटा नसतो, आणि जाणता मेस्तरी पाना हाती घेण्यापूर्वी त्याचे सारे संबंध तपासतो. क्लच शाफ्टच्या स्प्लाइन प्लेटच्या मध्याशी जुळतात की नाही, त्या शाफ्टचे टोक क्रँकच्या टोकात बसणाऱ्या पायलट बुशात ढिले राहत नाही ना, बेल हाउसिंगचे बोल्ट एका रेषेत येतात का, या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देता येत नाहीत. क्लच प्लेट मध्यावर आणण्यासाठी मोडीत काढलेल्या गिअरबॉक्सचा जुना शाफ्ट घालतात आणि त्याच्या आधाराने प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळत जातात. शाफ्ट हलकेच ओढला असता अडखळला नाही, म्हणजे ते काम नीट झाले.

खरी अडचण मागे उभी असते. पुढच्या व मागच्या चाकांना जोर वाटून देणारी जीपची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सलाच जोडलेली असल्यामुळे नवा गिअरबॉक्स लांब असला की तीही तितकीच मागे सरकते. मग मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड आणि पुढचा लांब करावा लागतो. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर मुळातच अवघे ८० इंच असल्याने आखूड झालेल्या मागच्या शाफ्टचा कोन तीव्र होतो आणि युनिव्हर्सल जॉइंट अकाली झिजतात. त्यासाठी शाफ्ट लेथवर नेऊन सरळ जोडणे व तोलणे आले, क्रॉसमेंबर आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग हलविणे आले. या कामी घाई करणारा कारागीर मला मुळीच आवडत नाही, कारण तो शाफ्ट जेव्हा सुटेल तेव्हा मालक शेताच्या बांधावर, रिकाम्या हातांनी असेल.

अमेरिकेत याच जातीचे, पण अधिक दूरगामी, काम जुन्या पिकअप ट्रकांवर चालते. १९५४ साली शेव्हरलेच्या ट्रकांत हायड्रा-मॅटिक हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स मिळू लागला. अशा स्वयंचलित जातीचे गिअरबॉक्स उतरवून हाताने बदलावयाचे गिअर बसविणारे शौकीन तेथे आहेत. तेथे तेलाच्या जोरावर चालणारे कपलिंग किंवा कन्व्हर्टर आणि त्यामागची पातळ तबकडी काढून जड फ्लायव्हील, क्लच, रिलीज बेअरिंग व तिसरे पेडल बसवावे लागते. क्रँकच्या टोकास पायलट बुशासाठी भोक पाडलेलेच नाही, असेही काही वेळा निघते. आणि गिअरच्या दांड्याशी बांधलेला स्टार्टरचा सुरक्षा-स्विच राहिला, तर पुढे इंजिन सुरूच होत नाही.

हा उलटा प्रवास मला मागासलेपणाचा वाटत नाही. स्वयंचलित यंत्र गाडीच्या वेगावरून आणि ॲक्सिलरेटरवरून गिअर ठरवते, म्हणजे जो भार येऊन पडला आहे तोच त्याला कळतो. चालक मात्र पुढचा ओढा, गाळ आणि चढ डोळ्यांनी पाहून अगोदरच हलका गिअर घालतो. शहरात आणि वर्दळीत पहिली सोय मोलाची आहे, हे मला मान्य आहे. परंतु काळ्या मातीत निवड हातात असणे हेच मोठे सामर्थ्य, आणि चौथा गिअर त्या निवडीत आणखी एक भर घालतो.

काम झाल्यावर परीक्षा जिंतूरकडील डोंगराळ रस्त्यावर घ्यावी. चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि गाडी न थांबविता पहिल्यात यावे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून दांडा उडी मारून बाहेर येतो का, ते पाहावे. परत आल्यावर गाडी सपाटीवर उभी करून शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळावेत, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्या जोडातून तेल झिरपते काय ते बोट फिरवून तपासावे, आणि दोन्हींची तेलाची पातळी पाहून मगच ट्रॉली जोडावी.